फॅनी वॉल्डन नावाचा विंगर: फुटबॉलर, क्रिकेटर आणि अंपायर, तिन्ही एकच माणूस?

कव्हरपॉइंट:
मंडळी, 1938 च्या ओव्हल टेस्टचं स्कोअरकार्ड बघत होतो, हटनच्या 364 वालं, इंग्लंड 903 वर डिक्लेअर. अंपायर कोण तर फ्रँक चेस्टर आणि फॅनी वॉल्डन. आता टॉटनम ह्या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या जुन्या टीमबद्दल वाचताना पहिल्या महायुद्धाच्या आसपास ह्याच नावाचा एक राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने खेळणारा फॉरवर्ड, दिसतो, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. हा तोच का? आणि तोच असेल तर 1913 ला 1,700 पौंडांना टॉटनमकडे गेलेला प्लेअर पुढे अंपायरिंग का करत होता, एवढ्या पैशात आयुष्य निघायला हवं होतं ना?

हाफवेलाइन:
हो, तोच. खरं नाव फ्रेडरिक वॉल्डन, जन्म 1888, गाव वेलिंगबरो. हा सगळा नॉर्दम्प्टनशायरचा पट्टा बूट-चपला बनवणाऱ्यांचा. नॉर्दम्प्टन टाउनकडून खेळायला लागला तेव्हा तिथे मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन, ज्याने पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल घडवले तोच. 1913 ला टॉटनमने उचलला आणि 1924 पर्यंत तो तिथेच. 1914 ला ग्लासगोत स्कॉटलंडविरुद्ध पहिली इंटरनॅशनल मॅच, इंग्लंड 3-1 हरलं, आणि दुसरी थेट 1922 ला वेल्सविरुद्ध. बस, दोनच. मधली आठ वर्षं बघा ना, 1915 ते 1919 लीगच बंद होती, म्हणजे त्याचं वय सत्तावीस ते एकतीस, विंगरच्या पायात वेग असतो नेमकी ती वर्षं युद्धाने खाल्ली.

तेव्हा फॉर्मेशन 2-3-5, म्हणजे मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. विंगरने लाइनला चिकटून राहायचं, बॉल आला की समोरच्या फुलबॅकला हुलकावणी देऊन कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पळायचं आणि तिथून सेंटर-फॉरवर्डच्या डोक्यावर क्रॉस टाकायचा. परत येऊन डिफेंड वगैरे फार नाही. ऐकायला सोपं वाटतं पण खांद्याने धक्का मारणं तेव्हा नियमात बसायचं, बॉल चामड्याचा, नाडीने शिवलेला, पाऊस पडला की पाणी पिऊन जड व्हायचा, बूट घोट्याच्या वरपर्यंत. ह्या सगळ्यात सव्वापाच फुटाच्याही खालचा माणूस टॉटनमसाठी दोनशेच्या वर मॅचेस खेळला, मला तर हे जास्त मोठं वाटतं.

पावसाळी_गोलकीपर:
त्याच्या करिअरमधली सगळ्यात वाईट गोष्ट राहिलीच. 1920 ला टॉटनम सेकंड डिव्हिजन, म्हणजे दुसऱ्या पातळीची लीग, जिंकलं, 42 मॅचमध्ये 70 पॉइंट, 102 गोल (तेव्हा विजयाला दोनच पॉइंट होते, म्हणजे काय धुतलं असेल बघा). पुढच्याच वर्षी एफए कप फायनल, 23 एप्रिल 1921, स्टॅमफर्ड ब्रिज, समोर वुल्व्ज, धो धो पाऊस, मैदानाचा चिखल, किंग जॉर्ज पाचवा बघायला आलेला. आणि वॉल्डन दुखापतीमुळे टीममध्येच नाही! त्याच्या जागी बँक्स खेळला. टॉटनम 1-0 जिंकलं आणि तो एकमेव गोल केला दुसऱ्या बाजूच्या विंगरने, जिमी डिमकने.

आजच्यासारखं अर्ध्या फिट प्लेअरला बेंचवर बसवायची सोयच नव्हती, सबस्टिट्यूट हा प्रकारच नव्हता. मॅचमध्ये कोणी लंगडायला लागला तर त्याला विंगवर पाठवायचे, तिथे निदान समोरच्या एका माणसाला गुंतवून ठेवील म्हणून, त्यामुळे गुडघा डळमळीत असताना त्याला उतरवणं म्हणजे दहा जणांत खेळायची तयारी. मॅनेजरचा निर्णय बरोबरच होता, तरी जीव तुटतो.

कव्हरपॉइंट:
वा! पण पैशाचं काय? 1,700 पौंड तेव्हाचे म्हणजे केवढे?

हिशेबनीस_७७:
मी सांगतो. ते 1,700 नॉर्दम्प्टन क्लबला मिळाले, वॉल्डनला नाही. लीगने 1901 पासून पगारावर मर्यादा घातली होती, आठवड्याला कमाल 4 पौंड, पुढे 1910 पासून जुन्या खेळाडूंना 5 पर्यंत. म्हणजे 5 पौंड धरले तरी 1,700 व्हायला 340 आठवडे, साडेसहा वर्षं लागणार. सही करताना प्लेअरच्या हातात कायदेशीरपणे 10 पौंड. कामगाराच्या मानाने पगार चांगलाच होता, नाही म्हणत नाही, पण तिकिटाचे पैसे देऊन जे हजारो लोक त्याला बघायला यायचे त्या मानाने काहीच नाही. आणि गुडघा गेला की सगळं संपलं.

म्हणूनच उन्हाळ्यात क्रिकेट. फुटबॉल सप्टेंबर ते एप्रिल, काउंटी क्रिकेट मे ते ऑगस्ट, दोन्हीकडे प्रोफेशनल म्हणून पगार. वॉल्डन 1910 ते 1929 नॉर्दम्प्टनशायरकडून खेळला, खेळणं थांबल्यावर अंपायर झाला, 1934 ते 1939 मध्ये 11 टेस्ट केल्या. तो हौसेने उभा नव्हता हो तिथे, कमाईचा धंदा होता तो.

शिवाजीपार्ककर:
असे फुटबॉल-क्रिकेट दोन्ही खेळणारे डबलवाले बरेच होते आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी विंगरच. एव्हर्टनचा जॅक शार्प, राइट विंग, 1906 ची एफए कप जिंकला आणि 1909 ला ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेंच्युरी मारली. पॅट्सी हेंड्रेन ब्रेंटफर्डचा विंगर. आणि डेनिस कॉम्प्टन तर आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला, आर्सेनलचा लेफ्ट विंगर, युद्धात पोस्टिंग भारतात, 1945 च्या रणजी फायनलला ब्रेबॉर्नवर होळकरकडून नाबाद 249! तरी मॅच मुंबईनेच मारली, मर्चंटचे 278 होते ना.

कव्हरपॉइंट:
एक शेवटचं, प्लेअर स्वतःहून क्लब सोडून जाऊ शकत नव्हते का? जिथे जास्त मिळेल तिथे जायचं.

हिशेबनीस_७७:
नाही ना, तीच तर गोची. करार एका सीझनचा, पण तो संपला तरी जुन्या क्लबने रजिस्ट्रेशन सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता यायचं नाही. सदर्न लीग ही फुटबॉल लीगपेक्षा वेगळी लीग म्हणजे पळवाट होती, फुटबॉल लीगचे हक्क तिथे चालत नव्हते, पण 1910 ला दोन्ही लीगनी आपसात समझोता केला आणि ती बुजली. नॉर्दम्प्टन सदर्न लीगमध्ये होतं, त्यामुळेच 1913 ला टॉटनमला एवढी रक्कम मोजावी लागली.

ह्याच समझोत्यात हर्बर्ट किंगाबी नावाचा आणखी एक विंगर अडकला. अ‍ॅस्टन व्हिलाला तो नको होता, पण त्याच्या ट्रान्सफरची फी सोडायलाही ते तयार नव्हते आणि तेवढी फी देऊन कोणी घेईना. 1912 ला प्लेअर्स युनियनच्या मदतीने तो कोर्टात गेला, जजने केस फेटाळली, खर्चाने युनियन जवळजवळ दिवाळखोरीत. पगाराची मर्यादा उठायला 1961 उजाडलं आणि प्लेअरला असं अडकवून ठेवायच्या ह्या रिटेन पद्धतीला कोर्टाने फटका दिला 1963 ला, जॉर्ज ईस्टहॅम ह्या फुटबॉलरच्या केसमध्ये. वॉल्डन तर 1949 लाच गेला होता.

कव्हरपॉइंट:
किंगाबीवर सविस्तर लिहा प्लीज, वेगळा धागा काढा, मी वाट बघतो.