बायोफीडबॅक मशीनवर माझी रेघ हलतच नाही (सी-६ इंज्युरी)

फणसवाला, चिपळूण
मंडळी, बोलून टाइप करतोय, शुद्धलेखन पोटात घाला. फणस काढताना झाडावरून पडलो, मान मोडली, सी-६ कम्प्लीट, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीखाली मज्जारज्जूचं काम बंद. मनगट उचलतं, बोटं नाहीत. बाकी रुटीन बसलं, पण घबराट जात नाही. घरात कुणी नसताना लाइट गेली की धडधड सुरू. दवाखान्यात जायचं म्हणजे गाडी ठरवा, उचलायला दोन माणसं शोधा. म्हणून भाच्याने पुण्याहून घरी वापरायचं बायोफीडबॅक मशीन धाडलं. बोटांना दोन पट्टे गुंडाळायचे, मन शांत झालं की मोबाइलवरची रेघ खाली येते म्हणे. माझी कायम सपाट. भीतीने जीव जात असतानाही सपाट! बायकोने पट्टे लावले तर कुकरची शिट्टी झाली नि रेघ टुणकन वर. म्हणजे मशीन धड आहे, मीच नापास?
आणि कधी पहाटे डोकं ठणकतं, कपाळाला घाम, तोंड लालबुंद. ही पण घबराटच ना?

मोरपीस
मशीन परत करा. अनुलोम-विलोम करा, फुकट आहे.

फिजिओताई, नाशिक
दादा, आधी पहाटेचं. ती घबराट आहे असं धरून चालू नका. टी-६ (छातीचा सहावा मणका) किंवा त्याच्या वरच्या इंज्युरीत मूत्राशय तुंबलं, लघवीच्या कॅथेटरची नळी दुमडली, पोट साफ नसलं की बीपी एकदम चढतो. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. तुमच्यासारख्यांचा वरचा बीपी एरवी ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० पाहून "नॉर्मलच आहे" म्हणणारे डॉक्टरही भेटतात. तुमचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. त्यावर २० ते ४० चढला तरी तो या डिसरिफ्लेक्सियाचाच अटॅक. अशा वेळी लगेच उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, पोटाचा पट्टा आणि लघवीच्या पिशवीचे बंद सैल करायचे, नळी बघायची. उतरला नाही तर सरळ हॉस्पिटल. हे वहिनींना वाचून दाखवा.
आता मशीन. ते बोटांचा घाम मोजतं. घामाचा हुकूम मेंदूकडून मज्जारज्जूतून छातीच्या मणक्यांपर्यंत उतरतो, तिथून हातात. तुमची वाट मानेतच तुटली, बोटांना घाम येणार कुठून? हृदयाचा वेग कमी करणारी व्हेगस नस मात्र मज्जारज्जूतून जात नाही, मेंदूच्या देठातून थेट येते. ती शाबूत आहे. म्हणून श्वास आणि नाडीवर चालणारं बायोफीडबॅक घ्या, कानाला क्लिप लावायचं. छातीचा पट्टा नको. तिथे संवेदना नाही, कातडी सोलली तरी कळणार नाही.

टी-दहा, कोल्हापूर
माझी इंज्युरी खाली, छातीच्या दहाव्या मणक्याशी, त्यामुळे बोटांवरही रेघ हलते. पण ते ॲप शंभरपैकी मार्क देतं ना, त्याचंच टेन्शन यायला लागलं. आकडा झाकून नुसती लाट बघतो आता. आणि मित्रा, एकटं वाटलं तर १४४१६ लाव, टेलीमानस. सरकारी आहे, मराठीत बोलतात. मशीन काय, बोलत थोडंच.

फणसवाला, चिपळूण
ताई, पहाटेचं वाचून बायकोने आधी नळीच बघितली. रात्री कुशीवर वळवलं की मांडीखाली दबते! बीपीचं मशीन शेजारच्या काकांकडे आहे, आणतो. श्वासाचं बसून करू की झोपून?

फिजिओताई, नाशिक
झोपून. मानेच्या इंज्युरीत छातीचे स्नायू गेलेले असतात, सगळा भार श्वासपटलावर. आडवं असताना ते जास्त चालतं. पुस्तकात मिनिटाला सहा श्वास लिहिलेले असतात, तुम्ही दहापासून उतरा. गरगरलं तर थांबा, श्वास कोंडू नका. नाडीच्या वेगाची तुमची लाट वहिनींपेक्षा बुटकी दिसेल, तुलना करू नका. दुपारी, लघवी-पोट उरकल्यावर करा. मध्येच डोकं ठणकलं तर क्लिप काढून आधी उठून बसायचं. आणि मांडीखालच्या नळीला रात्री पोटाकडे चिकटपट्टी लावा, ती आजच.