स्थितांबरात गंधकाचे कण सोडून पृथ्वी गार करावी का?

निरभ्र
जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड (गंधकाचा वायू) स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या हवेच्या थरात, फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण ०.५ अंशाने उतरलं. म्हणजे उपाय लागू पडतो. २० किलोमीटरवर वायू सोडला की काही आठवड्यांत त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब बनतात आणि थोडं ऊन परत फिरतं. कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आटोक्यात यायला दशकं लागणार. तोवर उष्णतेच्या लाटांत माणसं मरू द्यायची का? याची तयारी आत्ताच हवी.

दर्यावर्दी
असहमत. १९९२ मध्ये जमिनीवरचा पाऊसही घटला, ते सोडून कसं चालेल? बाष्पीभवनाला ऊर्जा पुरवतं ते ऊन. ऊन कापून तापमान पूर्वीइतकं आणलं, तर सरासरी पाऊस पूर्वीपेक्षा कमीच भरतो. शिवाय कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेल प्रदेश कोरडा पडतो.

निरभ्र
म्हणूनच एका जागी सोडायचे नाहीत. दोन्ही गोलार्धांत १५ आणि ३० अंशांवर, अशा चार अक्षांशांवर सोडायचे आणि दरवर्षी मोजमाप पाहून प्रत्येक ठिकाणची मात्रा बदलायची. संगणकीय प्रारूपांत याने गोलार्धांमधला तोल बऱ्यापैकी राखता येतो. आणि सगळी तापमानवाढ पुसायचा हट्ट नको. निम्मी पुसली तर पावसाची तूटही बरीच कमी राहते.

घनमेघ
मात्रा बदलणं इतकं सोपं नाही. वायू दुप्पट सोडला म्हणून गारवा दुप्पट होत नाही. नवा वायू जुन्याच थेंबांवर साचतो, थेंब एकमेकांत मिसळतात. फुगलेला थेंब वजनाच्या मानाने कमी ऊन परतवतो आणि लवकर खाली येतो. हेच थेंब जमिनीकडून वर येणारी उष्णता शोषतात, त्यामुळे स्थितांबर तापतं आणि तिथले वारे बदलतात. थेंबांच्या पृष्ठभागावर क्लोरीन सक्रिय होऊन ओझोनही घटतो.
गंधकाऐवजी चुनखडीची भुकटी वापरा, असं सुचवलं जातं. ती तपासू पाहणाऱ्या हार्वर्डच्या स्कोपेक्स प्रकल्पाचं स्वीडनमधलं चाचणी उड्डाण २०२१ मध्ये तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या विरोधानंतर रद्द झालं. २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. प्रवासी विमानं १०–१२ किलोमीटरवर उडतात. तिथे सोडलेले कण फार टिकत नाहीत, पाऊस धुऊन टाकतो. भारी वजन घेऊन सतत २० किलोमीटरवर जाणारा विमानांचा ताफा अजून बनायचाय.

दर्यावर्दी
बनला तरी थांबवायचा कसा? कण वर्ष-दोन वर्षांत उतरतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. युद्धाने किंवा भांडणाने काम एकदम बंद पडलं, तर दाबून ठेवलेली तापमानवाढ एक-दोन दशकांत उसळेल. पिकं आणि जंगलं तेवढ्या वेगाने जुळवून घेऊ शकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड विरघळून होणारं समुद्राचं आम्लीकरण तर सगळा वेळ चालूच.

निरभ्र
आम्लीकरणाचं मान्य, त्यावर हा उपाय नाहीच. पण एकदम बंद पडण्याचा धोका मात्रेवर अवलंबून आहे. निम्म्या मात्रेत उसळीही लहान, आणि ती हळूहळू उतरवत नेता येते.

घनमेघ
उत्सर्जन थांबलं असेल तरच. ते चालू असेल तर निम्मी वाढ पुसायलाही दरवर्षी जास्त वायू लागणार, आणि थेंब फुगत जाणार. उत्सर्जन कोणत्या वर्षी शून्यावर आणायचं ते आधी मांडा, मग मात्रेचा हिशेब करू.