'उडदामाजी काळेगोरे' अमेरिकेतल्या दोन पक्षांना लागू होतं का?

शंकेखोर:
मंडळी, एका म्हणीबद्दल विचारायचंय, लेखात वापरायचीय. "डेमोक्रॅट काय नि रिपब्लिकन काय, उडदामाजी काळेगोरे" असं मी एका ग्रुपवर लिहिलं तर तिथले एक काका म्हणाले ही म्हण इथे बसत नाही. मला ठाऊक असलेला अर्थ असा की उडदात दाणा काळा असो की जरा उजळ, शेवटी उडीदच, निवडत बसण्यात राम नाही. मग अडतंय कुठे? 'एकाच माळेचे मणी' चालेल का त्याऐवजी?

झुळूक:
अर्थ बरोबर आहे. पुढे 'काय निवडावे निवडणाऱ्याने' असंही जोडतात. सगळेच सारखे वाईट, डावंउजवं करण्यासारखं काहीच नाही, तेव्हा ही म्हण. 'एकाच माळेचे मणी' म्हटलं की सगळे आतून एकमेकांना सामील असा वास येतो, तो आरोप जास्त जड आहे, जपून वापरा. आणि लेखात 'रिपब्लिकन' एकटं लिहू नका हो, आपल्याकडे ते ऐकलं की १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष नि निळा झेंडा डोळ्यापुढे येतो, तिकडे निळा रंग डेमोक्रॅट्सचा आणि रिपब्लिकन लाल!

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे हे 'दोघं सारखेच' रोज कानावर पडतं, देशी लोकांकडून तर फारच. शंकेखोर, तुमचे काका बरोबर आहेत असं माझं ठाम मत आहे, पण सरसकट नाही.

आधी हे बघा की हे वाक्य कोण बोललंय. १९६८ साली अलाबामाचा माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षाकडून अध्यक्षपदाला उभा होता, दोन पक्षांत दहा सेंटचाही फरक नाही ही त्याची घोषणा, आणि त्याचा राग कशावर तर दोन्ही पक्ष काळ्यांच्या नागरी हक्कांच्या बाजूने गेले यावर. दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली त्याने. मग २००० साली ग्रीन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार राल्फ नेडर पार डाव्या बाजूने तेच म्हणाला की दोघंही कंपन्यांच्या खिशात आहेत. फ्लोरिडात त्याला ९७ हजारांवर मतं पडली आणि रिपब्लिकन बुश तिथे ५३७ मतांनी जिंकून अध्यक्ष झाला. म्हणजे दोन टोकांची माणसं, म्हणणं एकच, कारण ज्याला जे हवं होतं ते दोन्ही पक्ष देत नव्हते.

आता उडीद खरंच कुठे आहे ते सांगतो. इराक युद्धाला परवानगी देणारा ठराव २००२ मध्ये सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ ने पास झाला, त्या ७७ मध्ये २९ डेमोक्रॅट होते, बायडन आणि हिलरी क्लिंटन धरून. बँकांवरची जुनी बंधनं उठवणाऱ्या १९९९ च्या कायद्यावर सही बिल क्लिंटनची. आणि आपल्या लोकांचं दुखणं म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांना देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग लांबच लांब; ती मर्यादा काढायचं बिल जुलै २०१९ मध्ये हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, दोन्हीकडच्यांनी भरभरून मतं दिली, सिनेटने पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याचं वेगळं रूप पास केलं आणि दोन्हींचा मेळ न घालताच ते मेलं. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने 'काळेगोरे' म्हटलं तर मी त्याला एका शब्दाने अडवणार नाही.

पण त्याच माणसाच्या घरात बघा. एच-फोर व्हिसावर (एच-वन-बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळतो तो) आलेल्या बायकांना, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना, नोकरीची परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये, ओबामांच्या काळात. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढून घ्यायचा प्रस्ताव तयार झाला, बायडन आल्याआल्या तो मागे घेतला गेला. चांगल्या शिकल्यासवरलेल्या बाया त्या मधल्या काळात परमिट राहील की जाईल या घोरात होत्या, घर घ्यावं की नाही हे सुद्धा त्यावर अडलेलं. त्यांना कोणी सांगावं की दोघं सारखेच!

आणि टेक्सारकाना गावाचं बघा, अर्धं टेक्सासात अर्धं आर्कान्सात, मधून स्टेट लाइन अव्हेन्यू जातो. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, २०१० मध्ये पास झाला तेव्हा रिपब्लिकनांचं एकही मत नव्हतं, पुढे २०१२ ला सुप्रीम कोर्टाने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) जास्त लोकांपर्यंत वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. आर्कान्साने वाढवलं (तिथे डेमोक्रॅट गव्हर्नर नि रिपब्लिकन विधिमंडळ यांनी मिळून मार्ग काढला, हेही सांगायला हवं), टेक्सासने वाढवलं नाही. एकटा, मूलबाळ नसलेला, कमी पगाराचा धडधाकट माणूस रस्त्याच्या एका बाजूला राहिला तर त्याला मेडिकेड, समोरच्या बाजूला राहिला तर कितीही गरीब असो, नाही. इतका फरक असताना निवडणाऱ्याने काय निवडावे म्हणणं मला तरी पटत नाही.

म्हणून माझ्या मते तुम्हाला हवी ती म्हण 'दगडापेक्षा वीट मऊ'. दोन्हींचा मार लागतो हे त्यात कबूल आहे, पण फरक नाकारलेला नाही.

शंकेखोर:
हे आवडलं, हेच वापरतो. पण मग वीट म्हणजे डेमोक्रॅट असं वाचणारा धरून चालणार ना?

एडिसनकर:
नाही, वीट कोण ते बोलणारा ठरवतो. २०१६ ला कित्येक चर्चवाल्या मतदारांना ट्रम्पचं वागणं अजिबात पसंत नव्हतं, तरी सुप्रीम कोर्टासाठी संभाव्य जज्जांची यादी त्याने मे महिन्यातच छापून दिली होती, त्या यादीकडे बघून त्यांनी मत दिलं. त्यांच्या लेखी वीट तो. त्याने नेमलेले तीन जज्ज जून २०२२ मध्ये गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेणाऱ्या बहुमतात होते. त्यामुळे लेखात कोणाची वीट ते नावानिशी लिहा, "अमक्यांना दगडापेक्षा वीट मऊ वाटली" असं, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही.