मदत हवी आहे : कॅल्शियम बरोबर असूनही अंड्यांची कवचं पातळ, रोज दोन ट्रे वाया

अंडीवाली_मुरगूड
लेअरच्या (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) अंड्यांची कवचं तीन आठवड्यांपासून पातळ येतायत. उचलताना बोटाच्या दाबानं तडकतात. ट्रेमध्ये एक फुटलं की खालची सगळी चिकट होतात आणि दुकानदार अख्खा ट्रे परत पाठवतो. रोज पन्नास-साठ अंडी जातायत. कॅल्शियम कमी असेल असं कृपया कुणी सांगू नका, खाद्य तपासून घेतलंय, बरोबर आहे. लसी झाल्यात. औषधवाल्यानं पाण्यातून द्यायचं कॅल्शियम दिलं, दोन बाटल्या संपल्या, काही फरक नाही. नक्की काय द्यायचं ते सांगा, आणि जरा लवकर.

निवृत्त_पशुवैद्य
ताई, पक्षी किती, वय किती आठवडे, पिंजरा की गादी पद्धत, खाद्य तयार की घरी मिसळलेलं? शेडचं तोंड कुठल्या दिशेला? आणि "बरोबर आहे" म्हणजे किती टक्के? एवढं कळल्याशिवाय औषध सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

शिरोळचा_शेतकरी
येवढी चौकशी कशाला? चुन्याची निवळी द्या. खायचा चुना रात्री पाण्यात टाकायचा, सकाळी वरचं नितळ पाणी पाजायचं. आमची आजी हेच करायची, अंडं दगडावर आपटलं तरी फुटायचं न्हाई. पैसा बी लागत न्हाई.

शिरवळ_विद्यार्थी
काका, आजीच्या दहा-पंधरा कोंबड्या दिवसभर परसात फिरून गोगलगायी, खडे, घरातली अंड्याची टरफलं खात असणार. जोर त्याचा. निवळीचा हिशोब बघा. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, त्यात कॅल्शियम साधारण ०.९ ग्रॅम. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आत पाणी पिते. म्हणजे पोटात गेलं ०.२ ग्रॅम. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज लागतं ४ ग्रॅमच्या आसपास.

शिरोळचा_शेतकरी
तुमच्या वहीत ४ ग्रॅम असतील. आमी डोळ्यांनी बघितलंय.

अंडीवाली_मुरगूड
६०० पक्षी, बीव्ही ३०० जातीचे, पिंजऱ्यात, ६२ आठवडे. खाद्य घरीच : मका, सोयापेंड, थोडी शेंगपेंड, डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा), प्रिमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), दगड पावडर (चुनखडीची). रिपोर्टमध्ये कॅल्शियम ३.९ टक्के. पक्षी ११० ग्रॅम खातात, म्हणजे ४.३ ग्रॅम पोटात जातंय. म्हणूनच म्हटलं कॅल्शियमचं सांगू नका.

गडहिंग्लजकर
शेंगपेंड! तिथंच घोळ आहे. पेंडीला बुरशी असली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, आणि ते थेट यकृतावर जातं. ड जीवनसत्त्वाचं पहिलं रूपांतर यकृतातच होतं, ते बिघडलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून उचललंच जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, कारण कळेना म्हणून रोगाला टर्की एक्स नाव पडलं. शेवटी ब्राझीलहून आलेली शेंगपेंड सापडली. मी तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, पेंड आणताना मूठभर फोडून वास घेतो. कुबट आली की पोतं परत. तुम्ही पेंड बंद करा आणि टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पूड) घाला.

निवृत्त_पशुवैद्य
बुरशी वासानं नेहमी कळत नाही, चांगल्या दिसणाऱ्या पेंडीतही विष असतं. पण आधी रोग बाजूला काढू या. ताई, एक अंडं ताटलीत फोडा. पांढरं पाण्यासारखं पसरतंय की बलकाभोवती उभं राहतंय? कवचावर सुरकुत्या आहेत का? पांढरं पातळ आणि कवच सुरकुतलेलं असेल तर आयबीचा (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, श्वसनाचा विषाणूजन्य रोग) संशय. पक्षी ठणठणीत, पण मऊ आणि बिनकवचाची अंडी भराभर वाढतायत, उत्पादनही घसरतंय, तर ईडीएस-७६ (अंडी घटवणारा विषाणूजन्य रोग), जो १९७६ ला पहिल्यांदा ओळखला गेला. दोन्हींत रक्ताचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावा लागेल.

कडकनाथ_प्रेमी
ताई, बलक कसा आहे? गिऱ्हाईक आता केशरी बलक मागतं. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून भुगा करून खाद्यात घाला, आठवड्यात रंग येतो. शिवाय ६२ आठवड्यांचे पक्षी काढून गावरान घ्या, दर दुप्पट.

निवृत्त_पशुवैद्य
बलकाचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही हो.

अंडीवाली_मुरगूड
पाच अंडी फोडली. पांढरं उभं राहतंय, बलक गोल. सुरकुत्या नाहीत. उत्पादन ८० टक्क्यांवर होतं, तेवढंच आहे. बिनकवचाचं दिवसाला एखादं, ते आधीही यायचं. पेंड ताजी आहे, पण बंद करून बघते. दुपारी पक्षी चोच उघडून धापा टाकतात, एप्रिलच आहे.

हुपरी_उष्णता
मग उन्हाचाच त्रास आहे, बाकी सगळं सोडा. धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातलं कार्बोनेट या कार्बन डायऑक्साइडपासूनच बनतं. ते कमी पडलं की पोतंभर कॅल्शियम घाला, कवच पातळच. पत्र्यावर पाणी सोडा, खाद्यात खाण्याचा सोडा घाला. मी दरवर्षी हेच करतो.

निवृत्त_पशुवैद्य
बरोबर आहे, पण सोडा घालायचा तर मीठ त्या मानानं कमी करा, नाहीतर सोडियम वाढून विष्ठा पातळ होते. आणि ऊन मार्चपासूनच आहे, कवचं तीन आठवड्यांपासून बिघडलीत. ताई, तीन आठवड्यांपूर्वी नक्की काय बदललं?

अंडीवाली_मुरगूड
काहीच नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत नेहमीचे जाड खडे संपले होते म्हणून त्याच दगडाची पावडर घेतली एवढंच. दगड तोच, टक्केवारी तीच, रिपोर्ट पावडरीनंतरचाच आहे.

शिरवळ_विद्यार्थी
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! टक्केवारी तीच असली तरी कणाचा आकार बदलला की सगळं बदलतं. अंड्याचं कवच बनायला अठरा-वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री. एका कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं. रात्री कोंबडी खात नाही. पेट्यात (दाणे दळणाऱ्या जठरात) २ ते ४ मिलिमीटरचे खडे पडून असतील तर ते हळूहळू झिजतात आणि पहाटेपर्यंत कॅल्शियम मिळत राहतं. पावडर संध्याकाळपर्यंत पुढे सरकून जाते. मग कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते. ६२ आठवड्यांना अंडं मोठं झालेलं असतं, पण कवचाला मिळणारं कॅल्शियम मात्र तितकंच, त्यामुळे फटका जास्त. दगडाचा दोन-तृतीयांश भाग जाड द्या, आणि खाद्याचा मोठा वाटा दुपारनंतर.

गडहिंग्लजकर
एका आकारावर सगळं ढकलू नका. अशी संशोधनं खाद्य विकणाऱ्यांसाठी होतात, शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं?

शिरवळ_विद्यार्थी
जावामध्ये १८९०च्या दशकात आयकमन या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्यानं लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, साधा कोंड्याचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. तिथून बेरीबेरी या ब१ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाचं कोडं सुटत गेलं, १९२९ ला आयकमनला नोबेल मिळालं. कोंबडीपुढच्या ताटात काय बदललं एवढं नीट बघण्यातून हे झालं. ताईंनाही तेच करायचंय.

अंडीवाली_मुरगूड
काल दुपारी एक पक्षी उन्हानं गेला. पेटा बघू का?

निवृत्त_पशुवैद्य
एकच गेला असेल तर हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून बघा, मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दोन-चार एकदम गेले असते तर हातही लावायचा नाही, आधी दवाखान्यात कळवायचं.

अंडीवाली_मुरगूड
बघितला. पेटा चिरून परातीत धुतला. मक्याचा पिवळा लगदा, आतली सालपटासारखी पिवळी कातडी, आणि तळाला वाळूचे तीन कण. दगडाचा एकही खडा नाही. पूर्वी मारलेल्या कोंबडीच्या पेट्यात चमचाभर तरी निघायचे. पण एका पेट्यावरून सगळं ठरवायचं का? जाड खडे महाग पडतात.

साखरलॅब
ताई, मी कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, कोंबड्यांतलं कळत नाही, पण मोजमाप सांगतो. शिरवळच्या भावाशी बोलून खात्री केली. कवच जाड तर अंडं जड. मिठाच्या पाण्याची घनता १.०८० ठेवा, चांगल्या कवचाचं अंडं बुडतं, पातळ कवचाचं तरंगतं. दहा लिटर पाण्याला सव्वा किलोच्या आसपास मीठ. नेमकं जुळवायला ब्रिक्स मीटर (रसातली साखर मोजायचं) वापरा, गुऱ्हाळवाल्याकडेही मिळेल. काचेचा तरंगता हवा, डोळ्याला लावून बघायचा नको. पाणी गोड नसलं तरी चालतं, तरंगता मीटर घनताच मोजतो. १.०८० म्हणजे १९.३ ब्रिक्स. अंडी त्याच दिवशीची घ्या, शिळ्या अंड्यात हवा वाढते आणि ते उगाच तरंगतं. एका रांगेला जाड खडे, दुसरीला पावडर, बाकी सगळं तेच. पहिले तीन दिवस सोडून मग दोन्हीकडची रोज तीस-तीस बुडवा.

शिरोळचा_शेतकरी
तिसऱ्या रांगेला निवळी द्या की मग.

साखरलॅब
दोनच रांगा आहेत काका. पण तुमच्याकडे पक्षी असतील तर तुम्हीही मोजा, मीटर मी आणून देतो.

अंडीवाली_मुरगूड
दहा दिवसांनी लिहितेय. सात दिवस मोजलं. जाड खड्यांच्या रांगेत तीसपैकी सरासरी ७ तरंगली, पावडरीच्या रांगेत १९. म्हणजे ठरलं ना?

हुपरी_उष्णता
जाड खडे कुठल्या रांगेला?

अंडीवाली_मुरगूड
पूर्वेच्या.

हुपरी_उष्णता
मग काही ठरलं नाही. पश्चिमेची रांग दुपारभर उन्हात असते. तुम्ही खडे मोजले की ऊन मोजलं?

साखरलॅब
हे माझं चुकलं, शेडचं तोंड मी विचारायला हवं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं. रांगा उलट करा. पश्चिमेला खडे, पूर्वेला पावडर, पुन्हा तीन दिवस सोडून सात दिवस.

निवृत्त_पशुवैद्य
आणि पावडरीच्या रांगेतल्या पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. एखादा पिंजऱ्यात बसून राहिला, उभा राहीना, तर प्रयोग तिथंच थांबवून त्याला बाहेर काढा. हाडं रिकामी व्हायला लागली की पाय जातात.

अंडीवाली_मुरगूड
झालं. पश्चिमेला खडे : तीसपैकी ९ तरंगली. पूर्वेला पावडर : १६. म्हणजे खड्यांनी दोन्हीकडे फरक पडला, आणि उन्हानं दोन्हीकडे दोन-तीन अंड्यांचा. शेंगपेंड सगळा वेळ दोन्हीकडे बंद होती, त्यामुळे गडहिंग्लजच्या दादांचं बरोबर की चूक ते माझ्या वहीत नाही. पक्षी एकही बसला नाही. आज वडगावच्या बाजारातून जाड खड्यांची चार पोती आणली, चाळणीतून चाळून वरचे तेवढेच घेतले. पश्चिमेला पोत्यांचे पडदे बांधलेत, दुपारी ओले करते. खाद्य आता सकाळी थोडं आणि बाकीचं तीन वाजता घालते, आणि संध्याकाळचा दिवा तासभर जास्त ठेवलाय. काल फुटलेली अंडी १४. दुकानदारानं आज सगळे ट्रे घेतले. साखरलॅब दादा, मीटर परत द्यायला कारखान्यावर कुठल्या गेटला येऊ?