पिवळ्या बोक्याला आव पडतेय

ए-२०१ : जिन्याखाली बसणारा पिवळा बोका सकाळपासून मीटर रूमजवळच्या कुंडीत सारखा बसतोय. जोर करतो, चमचाभर होतं, त्यावर आव आणि शेवटी लाल रक्ताचा थेंब. कोणी विष तर घातलं नाही ना?

सी-४०४ : काकू, आधी एक बघा. माती ओली होतेय का? बोक्याची लघवी अडली तरी तो असाच जोर करतो. ते असेल तर आत्ता न्यावं लागेल, एक-दोन दिवसांत जीव जातो.

ए-२०१ : आत्ताच स्कूटरच्या चाकावर भरपूर फवारा मारून गेला गं.

सी-४०४ : सुटलो. मग ही मोठ्या आतड्याची सूज वाटतेय, कोलायटिस म्हणतात. उरलेलं पाणी शोषायचं आणि मल धरून ठेवायचा हे त्या आतड्याचं काम. सूज आली की धरवत नाही, म्हणून घडीघडी बसणं. आव आणि ताजं रक्तही तिथलंच. लहान आतडं बिघडलं असतं तर एका वेळी भरपूर पातळ झालं असतं, रक्त काळपट दिसलं असतं आणि तो वाळत गेला असता.

बी-१०३ : माझ्याकडे जुलाब थांबवायची गोळी आहे. अर्धी दुधातून देऊ?

सी-४०४ : नको हो काकू! माणसांची कुठलीच गोळी नको. पॅरासिटामॉल तर थोडंही मांजराच्या जिवावर बेततं. आणि दूधही बंद करा, मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते पचत नाही.

ए-५०२ : मुलं तिथेच खेळतात. रोग पसरण्याआधी त्याला लांब सोडून यावं.

सी-४०४ : दादा, सूज पसरत नाही. पण तिच्यामागे जंत किंवा जिआर्डिया, म्हणजे आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी, असू शकतो, म्हणून कुंडीची वरची माती मी हातमोजे घालून काढते. मुलांना हात धुवायला सांगा, पुरे. अनोळखी जागी सोडलं तर तो धसक्याने आणखी आजारी पडेल, ताणानेही हा त्रास होतो. गेला आठवडाभर रंगकामाच्या परांच्या ठोकतायत, तोही घाबरलाच असेल.

ए-२०१ : मग करायचं काय?

सी-४०४ : ताजा नमुना स्वच्छ डबीत घ्या, मी लगेच डॉक्टरांकडे नेते. जंत निघाले तर वजनावर औषध देतील. नाही निघाले तर बहुधा खाणं बदलायला सांगतील : त्याने आधी न खाल्लेलं एकच मांस, दुसरं काही नाही. मानवलं तर दोनेक आठवड्यांत फरक दिसतो. पण आपल्याकडे एक घर बिस्किट घालतं, एक माशाची डोकी, एक दूधभात. असं चाललं तर नेमकं काय बाधतंय ते डॉक्टरांनाही कळणार नाही. माझी कळकळीची विनंती आहे, सगळ्यांनी ताटल्या उचला.

बी-१०३ : माझी उचलली.

ए-२०१ : उद्यापासून फक्त मी घालेन. डबी तयार आहे, खाली ये.

ए-५०२ : न्यायला टोपली लागेल ना? आमची झाकणाची आहे, वॉचमनकडे ठेवतो.