'वेस्ट हीट रिकव्हरी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : इंजिनाची वाया जाणारी उष्णता परत कामाला लावून गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं, ह्यावर लिहितोय. पुनर्प्राप्ती, पुनर्वापर, पुनरुत्पादन असे शब्द दिसतात, त्यातला कुठला घ्यावा?

– पुनरुत्पादन तर अजिबात नको! ऊर्जा नव्याने तयार होतच नाही, पेट्रोलचे पैसे मोजून आणलेली आणि हातून निसटलेली असते, त्यातली थोडी हाती लागते. मी 'उष्णता-वसुली' म्हणेन. बुडालेली उधारी सगळी कधीच वसूल होत नाही आणि इथेही अगदी तसंच आहे. साध्या पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरातून जाते आणि तेवढीच रेडिएटरमधून. पण सायलेन्सरकडे जाणारा धूर इंजिनातून निघताना कित्येक शे अंश तापलेला असतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधून फिरणारं पाणी) मात्र जेमतेम ९०-१०० अंश, त्यामुळे रेडिएटरच्या उष्णतेतून काम काढायला गेलं की हाती फारच कमी येतं.

– वसुली म्हटलं की हप्तावसुली आठवते हो, पुनर्प्राप्तीच बरं.

– करवसुली, कर्जवसुली हे रोजचे सरळ शब्द आहेत की. पुनर्प्राप्ती वाचून गॅरेजवाल्याला काही कळणार नाही आणि आपण लिहितो ते त्याला कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

– मग टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा पंप) पण वसुलीतच धरायचा का?

– हो, सगळ्यात जुनी वसुली तीच. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी ह्यांचं पेटंट १९०५ चं आहे, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन म्हणजे पात्यांचं चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ पर्यंत तर टर्बोच्या दांड्यालाच जनरेटर जोडलेला असायचा, धुरातून थेट वीज. फुकट मात्र काहीच नाही, टर्बाइनमुळे धुराची वाट अडते आणि तो बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो.

– हायब्रिडचं, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, ब्रेकिंग?

– तिथे 'उष्णता' शब्द चुकेल. साधा ब्रेक गाडीचा वेग घासून त्याची उष्णता करतो, हायब्रिडमध्ये (टोयोटाची १९९७ ची पहिली प्रियस घ्या) मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि वेगाची उष्णता व्हायच्या आधीच वीज करून बॅटरीत टाकते. मुंबईच्या नव्या लोकल तीच वीज ओव्हरहेड वायरीत परत सोडतात. ह्याला 'ब्रेक-वसुली' म्हणा, शहरातल्या सिग्नल-सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेजला खरा हातभार हिचाच लागतो.

– पुनर्वापर हा शब्द मग बादच?

– नाही नाही, त्याची जागा आहे. उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर पुनर्वापर. गाडीतला हीटर कूलंटच्या उष्णतेवर चालतो, तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये धुराच्या उष्णतेने कूलंट लवकर तापवतात म्हणजे थंडीत इंजिन लवकर बंद करून मोटरवर चालता येतं. उष्णतेचं काम किंवा वीज केली तरच वसुली लिहा.