प्रतिसाद: १०-१८ की १४ मिमी?

कॅननवर रात्री आकाशगंगा टिपायला १०-१८ मिमी झूम लेन्स घ्यावी की १४ मिमी एफ २.८, असा प्रश्न आहे. वर दोघांनी १०-१८ सुचवलीय, 'जितकी वाइड तितकं आकाश जास्त' म्हणून. दिवसा नाशिकच्या पांडवलेणीवरून शहर टिपायला ती झकास. रात्री मात्र एफ ४.५ वर अडकाल (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ २.८ ला साधारण अडीच पट प्रकाश मिळतो. कॅननच्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५०० च्या नियमाने (तारे ठिपकेच राहतील असा जास्तीत जास्त वेळ काढायचा ढोबळ नियम) १० मिमीला ३० सेकंद आणि १४ मिमीला २२ सेकंद मिळतात (नव्या २४ मेगापिक्सेलवाल्यांवर याहून कमीच धरा, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात). म्हणजे १०-१८ जास्त वेळ उघडी ठेवूनही तूट भरत नाही. माझं मत सरळ १४ मिमी एफ २.८ ला.

१४ मिमी मॅन्युअल फोकसची (हाताने रिंग फिरवायची) असली तरी भीती सोडा. अंधारात ऑटोफोकस ताऱ्यांवर तसाही चाचपडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) ठळक तारा झूम करून बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा आणि ती हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा. रिंगवरच्या अनंत खुणेवर विसंबू नका. वापरलेली लेन्स घेणार असाल तर कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात का, हे दुकानातल्या दिव्यांवर कळणार नाही. एक रात्र मागून आणा.

आणि जागा! अंजनेरीहून पूर्वेकडे नाशिकचा उजेड येतो, नेमकी आकाशगंगा आग्नेयेकडून वर येत असते तेव्हा. भंडारदऱ्याला शहर उत्तरेला, म्हणजे पाठीमागे राहतं. एप्रिल-मेची अमावस्या गाठा, जूनपासून ढगच.